किलोभर ज्वारीतले दहा ग्रॅम

वाण्याच्या काट्यावर किलोभर ज्वारी तोलली जाते, तेव्हा नेमकं काय तोललं जातं? दाण्यांतल्या अणूंचे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉनचा वाटा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ असे तीन क्वार्क असतात, हे कॉलेजात शिकवतात. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. या तिघांची बेरीज मात्र जेमतेम ९. म्हणजे किलोतले दहाएक ग्रॅम क्वार्कचे. मग बाकीची ज्वारी आली कुठून?

ती आली धावपळीतून. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क प्रचंड वेगाने धावत असतात, ग्लुऑन त्यांना जखडून ठेवतात, क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्या उपजतात आणि विरतात. ही सारी ऊर्जा आइनस्टाइनच्या सूत्राने वस्तुमान म्हणून काट्यावर उतरते. २०१२मध्ये हिग्ज कण सापडला तेव्हा ‘सगळ्या विश्वाला वस्तुमान देणारा कण’ असं त्याचं कौतुक झालं. आपल्या शरीरापुरतं बोलायचं तर ते बरोबर नाही. हिग्जमुळे मिळतात ते क्वार्कचे दहा ग्रॅम.

हे नुसतं म्हणून भागत नाही, गणिताने काढून दाखवावं लागतं. ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर यांनी १९७३मध्ये दाखवलं, की क्वार्क जवळ असताना त्यांच्यातलं बल सैल पडतं. पण प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरावर ते इतकं घट्ट होतं, की कागद-पेन्सिलीचं गणित हात टेकतं. १९७४मध्ये केनेथ विल्सन यांनी वाट काढली. अवकाश आणि काळ चौकटीच्या वहीसारखा आखून घ्यायचा, फक्त ही वही चार मितींची. रेघा जिथे छेदतात तिथे क्वार्क, बिंदूंना जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन. मग संगणकाला कामाला लावायचं आणि चौकटी बारीक करत न्यायच्या. युरोपातल्या एका गटाने २००८मध्ये असंच गणित करून ९३६चा आकडा काढला. चुकीला वाव होता काही टक्क्यांचा, तरी प्रत्यक्षाच्या इतकं जवळ जाणारं हे उत्तर मला एकविसाव्या शतकातल्या भौतिकीची मोठी कमाई वाटते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या जाळीच्या गणितावर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

वस्तुमानाचा हिशेब असा जुळत आला. प्रोटॉनच्या स्पिनचा, म्हणजे त्याच्या अंगभूत फिरकीचा, अजून पूर्ण जुळलेला नाही. क्वार्कच्या स्वतःच्या स्पिनमधून त्यातला साधारण एक तृतीयांशच येतो. उरलेल्यात ग्लुऑनच्या स्पिनचं किती आणि आतल्या कणांच्या घिरट्यांचं किती, हे मोजण्यासाठी अमेरिकेत ब्रुकहेवनला इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभारला जात आहे.