एसजीपीटी वाढलं? आधी कारण शोधा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी 90 आलं की घरात एकच वाक्य फिरतं, ‘लिव्हरला सूज आहे.’ मग कुणी टॉनिकची बाटली आणतो, कुणी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचं गाव सांगतो. आकडा का वाढला, हे विचारायचं मात्र राहून जातं. चंद्रपूर-गडचिरोलीत तर या प्रश्नाची उत्तरं बरीच आहेत.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली विकरं. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. साधारण 40 युनिटपर्यंतचा आकडा ठीक मानतात. प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा थोडी बदलते. एसजीपीटी मुख्यतः यकृतातलं. एसजीओटी मात्र स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतं. म्हणून मलेरियात किंवा सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटल्या, की एसजीओटी आणि बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळे दिसतात. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या जंगलपट्ट्यात तापासोबत पिवळेपणा दिसला तर पहिली तपासणी मलेरियाची हवी. फाल्सिपॅरम मलेरियात उशीर जिवावर बेततो.

दुसरं कारण दारू. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. पण यकृताला कायदा कळत नाही, मोहाची असो की बाटलीतली, इजा तीच. दारूमुळे बिघाड असेल तर एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त दिसतं. बंदी आहे म्हणून डॉक्टरांपासून पिणं लपवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. ती उपचाराच्या आधाराने सोडावी. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती उपक्रमाची तालुका क्लिनिकं त्यासाठीच आहेत.

टीबीच्या गोळ्यांनीही आकडे चढतात. मळमळ, भूक मरणं, गडद लघवी दिसली तर लगेच दवाखाना गाठा. बरं वाटत असेल तर गोळ्या मनाने बंद करू नका. पुजाऱ्याचं किंवा दुकानातलं कोणतंही औषध चालू असेल तर तेही सांगा. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई येतो, रक्तातून बी आणि सी. बी, सीची तपासणी व उपचार 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत.

चंद्रपूर-बल्लारपूरच्या शहरी घरांत फॅटी लिव्हरचा विचार आधी करावा. पोट सुटलेलं, साखर वाढलेली, तक्रार काहीच नाही. इथे टॉनिक नव्हे, वजन उतरवणं कामाचं. वजन 7 ते 10 टक्के उतरलं की यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात.

उलटही खरं आहे. सिरोसिस झालेल्या यकृतातही आकडे नॉर्मल येऊ शकतात. म्हणून अल्ब्युमिन, प्लेटलेट, सोनोग्राफी जोडीने पाहतात. रक्ताची उलटी, काळी शौच, पोटात पाणी, बरळणं यांपैकी काही दिसलं तर वाट न बघता रुग्णालयात न्या.

बाकीच्यांनी घाबरू नये. डॉक्टर सांगतील त्या मुदतीत तपासणी पुन्हा करा, आणि जाताना ताप, दारू, गोळ्या, झाडपाला यांतलं काहीही न लपवता सांगा. निम्मं निदान त्यातच होतं.