तेलुगू अक्षरांतली अभंगांची वही

गेल्या आषाढीला आमच्या बेला भागातल्या एका भजनात पेटीजवळ बसलेल्या सातवीतल्या मुलीची वही सहज हातात घेतली. आत तुकोबांचे अभंग होते, पण अक्षरे तेलुगू. घरी मराठी, शाळेत तेलुगू. तेलुगूतही ‘ळ’ आहे, त्यामुळे उच्चार कुठे बिघडला नाही. भजन चोख झाले. तरी परतताना पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवत राहिले.

भातखंडे १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. पेशाने वकील, गाण्याचे हौशी. सतार शिकले, गाणे शिकले, पण मैफलीचे गवई म्हणून मिरवले नाहीत. वृत्ती मात्र थेट वार्ताहराची. परक्या गावी जायचे, आपली ओळख सांगायची, योजून आणलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरे वहीत टिपायची. १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये मुलगी गेली. वकिली मागे पडली, प्रवास वाढला.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत उतरले. तिथल्या भाषा येत नव्हत्या. इंग्रजी आणि दुभाष्या यांवर निभावले. विद्वानाचे उत्तर पटले नाही तर तेही वहीत स्पष्ट लिहिले (हा गुण आम्हा समितीवाल्यांनी घ्यावा!). एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षित भेटले. त्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी निघाला. गाव तमिळ मुलखातले, ग्रंथ तेलुगूत! जिला आपल्यातली काही मंडळी नुसती सरकारी कागदाची भाषा समजतात, तिचा हा मान. व्यंकटमखींच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रतही भातखंड्यांना या प्रवासातच मिळाली. तिच्यातल्या ७२ मेळांचा विचार पुढे त्यांच्या दहा थाटांच्या मांडणीत उपयोगी पडला.

१९०७ च्या फेरीत नागपूर, कलकत्त्याबरोबर हैदराबादही होते. तेव्हा आपला जिल्हा त्याच संस्थानात होता.

एवढे हिंडून आलेल्या माणसाने ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ संस्कृतात लिहिले खरे. पण सविस्तर विवेचन, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने मराठीत लिहिले. हिंदीत ते नंतर गेले. क्रमिक पुस्तकांत घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत छापल्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. तोवर कानोकानी चालत आलेले गाणे कागदावर आले.

आमच्या घरांतली मराठी आज त्या चिजांसारखीच कानावर चालते आहे. १९५६ मध्ये राजुरा, किनवट पलीकडे गेले. मुधोळ, भैंसा इकडे आले. २०१६ मध्ये जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. या सगळ्यात घरची बोली टिकली, वाचणे सुटले. निवेदने देण्यात आमची बरीच वर्षे गेली. फाइल जाड झाली, मराठी वर्गाचा पट वाढला नाही.

म्हणून समितीत भांडून एक ठराव करून घेतला: भजनाआधी एक तास देवनागरी. तेलुगू सोडा असे कोणी सांगायचे नाही. ती मुलांच्या पोटापाण्याची भाषा आहे. पहिल्या रविवारी नऊ मुले आली. त्या मुलीने डाव्या पानावरचा तेलुगू अभंग तसाच ठेवला आणि उजव्या पानावर देवनागरीत उतरवायला घेतला. अर्ध्यावर थांबून तिने विचारले, “गुरुजी, ‘प्र’मधला र खाली आणि ‘सर्व’मधला वर, असं का?”

तासाभराचा वर्ग त्या एका र वरच गेला.