मावळ्यांच्या रांगेत डोरेमॉन

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की येरवड्यात माती, विटा आणि जुन्या पोत्यांची शोधाशोध सुरू होते. लक्ष्मीनगर असो, नागपूर चाळ असो की गाडीतळाच्या मागच्या गल्ल्या, अंगण फारसं कुणाकडे नाही. त्यामुळे दिवाळीचा किल्ला उभा राहतो तो जिन्याखाली, भिंतीच्या कडेला, नाहीतर कुणाची तरी गाडी आठवडाभर दुसरीकडे लावायला सांगून मिळवलेल्या तीन फुटांत. हळीव पेरलं जातं, गेरू लागतो, महाराज सिंहासनावर बसतात आणि बुरुजावर मावळ्यांच्या रांगेत छोटा भीम नाहीतर डोरेमॉन येऊन उभा राहतो.

मोठ्यांना हे खटकतं. मला नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी गवळण, वाघ, पोलीस आणि विमान हे सगळे पूर्वीपासून गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत. खटकतं ते एवढंच की डोरेमॉन महाराजांपेक्षा दांडगा दिसतो. दुकानातलं रबरी खेळणं आणून ठेवलं की तसंच होणार. घरी केला तर तो मापात होतो आणि पैसेही वाचतात.

मापाचं गणित शाळेतल्या त्रैराशिकाचंच आहे. कुंभाराकडचा मावळा १० सेंटिमीटरचा असेल आणि तो साडेपाच फुटी माणूस मानला, तर प्रमाण साधारण १:१७ पडतं. डोरेमॉनची उंची त्याच्या निर्मात्यांनीच ठरवून दिली आहे, १२९.३ सेंटिमीटर. म्हणजे बुरुजावर तो साडेसात-पावणेआठ सेंटिमीटरचा हवा. किल्ल्याला मात्र हे प्रमाण लावू नये. सिंहगड १:१७ मध्ये करायचा तर बारा-पंधरा मजली इमारतीएवढं ढेकूळ उभं करावं लागेल. तिथे डोळ्यालाच फसवायचं. दरवाजापाशी १० सेंटिमीटरचा मावळा आणि बालेकिल्ल्यावर ५ सेंटिमीटरचा ठेवला की गड आपोआप उंच आणि दूरचा वाटायला लागतो. मापाची शिस्त पाहायची असेल तर मुलांना कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर दाखवावं.

कार्टूनची पात्रं स्वस्तात होतात, याचं कारण मजेशीर आहे. ती जन्मालाच काटकसरीतून आली आहेत. १९५८ मध्ये हॅना-बार्बेरा कंपनीने टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत योगी बेअर काढला, तेव्हा त्याच्या गळ्यात कॉलर आणि टाय घातला. अस्वलाला टाय कशाला? तर मान झाकली गेली की धड तसंच ठेवून फक्त डोकं नव्याने काढता यावं म्हणून. मिकी माऊसचे पांढरे हातमोजेही असेच कामापुरते. काळ्या अंगावर काळे हात दिसत नव्हते. असं पात्र चार-सहा खुणांवर ओळखू येतं. भीमाचं केशरी धोतर आणि हातातला लाडू जमला की नाक थोडं वाकडं झालेलं चालतं. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ करायचा तर टक्कल, चष्मा, मिशा, धोतर आणि चौकड्यांचा कोट. त्याचा ब्राँझचा पुतळा पुण्यातच सिम्बायोसिसच्या आवारात आहे; चारही बाजूंनी बघून घ्यावा, कारण छापील चित्रात पाठ सहसा दिसत नाही आणि मूर्तीला ती करावीच लागते.

अडचण येते डोक्याची. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते. कार्टूनची कधी तिप्पट, कधी जेमतेम दुप्पट. एवढं डोकं शाडूचं भरीव केलं की मूर्ती तोंडावर आपटते. आत तार घातली तर वाळताना माती आकसते, तार आकसत नाही, आणि नेमक्या मानेला तडा जातो. म्हणून डोक्यात रद्दीचा घट्ट बोळा घालून त्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळावी आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. पाय बुटांसकट जाड करावेत, तळाला पुठ्ठ्याची चकती चिकटवावी.

शाडूपेक्षा टिकाऊ काही हवं असेल तर कॉर्नफ्लोअर (मक्याचं स्टार्च) आणि फेव्हिकॉल समसमान घ्यावं, चमचाभर तेल आणि थोडं व्हिनेगर घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळावं. ही लगदी भाजावी लागत नाही, वाऱ्यावर कडक होते. मात्र तीही थोडी आकसते, तेव्हा माप जरा सैल धरावं. भांडं जुनंच घ्या. चांगली कढई घेतली तर दिवाळीत घरातलं वातावरण बिघडेल. बारीक बोटं, शेपट्या, चष्म्याच्या काड्या यांना एम-सील बरं. रंगांच्या आधी पांढऱ्याचा एक हात दिलाच पाहिजे, नाहीतर डोरेमॉनचा निळा मातकट दिसतो. रंगपेटी घरात असली तर चार-पाच मूर्तींचा खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या फार पुढे जात नाही. थर्मोकोलच्या वाटेला जाऊ नये. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठ्याचा बुरुज तसाही जास्त देखणा होतो.

मांडताना मुलं किल्ला जमिनीवर करतात आणि बघणारे उभे राहून बघतात, त्यामुळे सगळ्यांना टकलंच दिसतात. दोन विटांचा चौथरा केला आणि मूर्ती किंचित मागे कलत्या ठेवल्या तर चेहरे दिसतात. दिव्यांची माळ समोरून न सोडता बुरुजाच्या मागून सोडावी. एकाच जागी पाच कार्टून कोंबू नयेत. एखादं भुयाराच्या तोंडाशी अर्धवट लपलेलं असलं तर बघणारी पोरं ते शोधत बसतात. शिनचॅन तिथे शोभतो, तोफेवर नाही. बाकी, अशा मूर्ती घरच्या किल्ल्यावर मांडणं वेगळं आणि गाळा लावून विकणं वेगळं. या पात्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला मोडतो. शाडूची चित्रं बादलीत विरघळवून तीच माती पुढच्या वर्षी वापरता येते. कॉर्नफ्लोअरची माळ्यावर ठेवायची असतील तर वॉर्निशचा हात देऊन झाकणाच्या डब्यातच ठेवावीत. उंदीर भीमाचा लाडू तर खातातच, पण त्यांना डोरेमॉनही वर्ज्य नाही.