भाजलेल्या पदार्थांवर भुरभुरायचे मीठ : निवड, प्रमाण आणि दक्षता

(आनेकल तालुक्यातील मराठी भाषिक कुटुंबांसाठी)

निखाऱ्यावर भाजलेल्या मक्याच्या कणसाला तिखट-मीठ लावून लिंबू चोळणे, हुरड्यावर चटणी-मीठ घेणे, पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांवर जाडे मीठ पसरणे, या सर्व आपल्याकडील जुन्या रीती आहेत. बोम्मसंद्र, जिगणी, चंदापूर, अत्तिबेले या परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या अनेक घरांतून आता गच्चीवर शेगडी मांडून पनीर, मासे, कोंबडी आणि भाज्या भाजण्याची प्रथाही रुळली आहे. पदार्थ भाजून झाल्यावर त्यावर जे मीठ पेरले जाते, त्यास या पत्रकात ‘वरचे मीठ’ असे म्हटले आहे. हे मीठ कोणते असावे, किती असावे आणि केव्हा घालावे, याची माहिती पुढे दिली आहे.

वरच्या मिठाची चव अधिक का लागते?

मिठाची चव जिभेला कळण्यासाठी ते लाळेत विरघळावे लागते. पदार्थाच्या आत मुरलेले मीठ चावताना थोडे थोडे बाहेर येते व त्यातील काही अंश चव न कळताच गिळला जातो. पृष्ठभागावरील कण मात्र जिभेवर ठेवताक्षणी विरघळतात. त्यामुळे थोड्या मिठातही पदार्थ पुरेसा खारट लागतो.

या गुणाचा लाभ आरोग्यासाठी करून घेता येतो. मसाल्यात मुरवताना मीठ कमी घातले आणि उरलेले अल्प मीठ भाजल्यानंतर वरून पेरले, तर चव न बिघडता एकूण मीठ कमी होते. मात्र मुरवणीत नेहमीइतके मीठ घालून त्यावर पुन्हा मीठ पेरल्यास ती केवळ भर ठरते. वरचे मीठ हे आतल्या मिठाच्या जागी घ्यावयाचे आहे, त्याच्या जोडीला नव्हे.

प्रमाणाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ सेवन करावे. त्यातून सुमारे 2 ग्रॅम सोडियम मिळते. भारतात 2017-18 मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांचे सरासरी सेवन दररोज सुमारे 8 ग्रॅम आढळले. सोडियमच्या अतिरेकाने रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकारांना कारणीभूत ठरतो. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता अनेक वर्षे शरीरात राहतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

एक उदाहरण पाहू. चौघांच्या कुटुंबासाठी भाजावयाच्या पदार्थांत दोन चमचे मीठ मुरवले व वरून आणखी एक चमचा पेरले, तर सुमारे 15 ग्रॅम मीठ वापरले गेले. प्रत्येकाच्या वाट्यास पावणेचार ग्रॅम येते. दिवसाच्या मर्यादेचा तीन-चतुर्थांश भाग एकाच जेवणात संपतो; लोणचे, पापड, चटणी आणि चाट मसाल्यातील मीठ याहून वेगळे. तेच मुरवणीत एक चमचा व वरून अर्धा चमचा घेतल्यास प्रत्येकी दोन ग्रॅमहून कमी मीठ पोटात जाते.

जाडे, खडे किंवा पापुद्र्यांचे मीठ चमच्यात पोकळ बसते. त्यामुळे तेवढ्याच चमच्यात त्याचे वजन बारीक मिठापेक्षा कमी भरते. परंतु वजनास वजन घेतल्यास सोडियम जवळपास तितकेच असते. मिठाचा कण मोठा आहे म्हणून ते निरुपद्रवी, असा समज करून घेऊ नये.

कोणते मीठ निवडावे?

आयोडीनयुक्त बारीक मीठ : नित्य वापरासाठी हेच योग्य होय. आयोडीन कमी पडल्यास गलगंड होतो. गर्भवतीच्या आहारात त्याची उणीव राहिल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ही हानी पुढे भरून निघत नाही. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात प्रा. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्यानंतर 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 1992 मध्ये त्यास राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे नाव देण्यात आले. आयोडीनची उणीव केवळ डोंगराळ प्रदेशापुरती मर्यादित नाही. समुद्रकिनारी व पठारावरही ती आढळते.

खडे मीठ : कोकणातील मिठागरांतून येणारे मीठ मराठी घरांच्या ओळखीचे आहे. येथील बाजारात खड्या मिठास ‘कल्लुप्पु’ म्हणतात. ते अनेकदा आयोडीनविरहित असते. सुटे मीठ घेण्यापेक्षा वेष्टनबंद मीठ घ्यावे व वेष्टनावर ‘आयोडीनयुक्त’ असा उल्लेख आहे का, हे तपासावे.

सैंधव व गुलाबी मीठ : हे खाणीतील मीठ असून त्याचा बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो. गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे येते. त्यातील इतर खनिजे इतकी अल्प असतात की, मिठाच्या मर्यादित सेवनातून शरीरास त्यांचा उल्लेखनीय लाभ होत नाही. या मिठात नैसर्गिकरीत्या पुरेसे आयोडीन नसते. उपवासाच्या दिवशी सैंधव वापरण्यास हरकत नाही, परंतु नित्याच्या मिठाची जागा त्यास देऊ नये. अधिक किंमत हे अधिक गुणाचे प्रमाण नव्हे.

काळे मीठ : त्यातील गंधकयुक्त संयुगांमुळे त्यास विशिष्ट वास येतो. भाजलेल्या कणसावर ते चिमूटभर पुरते. यातही सोडियम असतेच. चाट मसाल्यात काळे व साधे अशी दोन्ही मिठे असतात. म्हणून चाट मसाला घातल्यास वेगळे मीठ घालू नये.

कमी सोडियमचे मीठ : यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे 21 हजार व्यक्तींवर झालेल्या व 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाच्या वापराने पक्षाघाताचे प्रमाण घटल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2025 मध्ये प्रौढांना घरगुती वापरासाठी या मिठाचा पर्याय सुचविला आहे. तथापि मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना ही शिफारस लागू नाही. रक्तदाबावरील काही औषधांनीही रक्तातील पोटॅशियम वाढते. म्हणून अशी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हे मीठ सुरू करू नये. घरात पाहुणे जेवावयास असतील तर टेबलावरील मीठ कोणते आहे, हे त्यांस सांगावे.

मीठ कमी करताना आयोडीन कसे राखावे?

प्रौढास दररोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीनची गरज असते; गर्भारपणी व स्तनपानाच्या काळात ही गरज वाढते. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर किलोस किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असणे आवश्यक आहे. या हिशेबाने 5 ग्रॅम मिठातून किमान 75 मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते. उरलेले दूध, अंडी, मासे यांतून मिळवावे लागते. म्हणून जो मीठ कमी करतो, त्याने घेतलेले प्रत्येक चिमूटभर मीठ आयोडीनयुक्त असणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

मिठातील आयोडीनचा काही भाग उष्णता व ओलाव्याने नष्ट होतो. भाजल्यानंतर पेरलेल्या मिठास विस्तवाची झळ लागत नसल्याने त्यातील आयोडीन बऱ्याच अंशी टिकते. या दृष्टीने वरच्या मिठासाठी आयोडीनयुक्त मिठाची निवड दुहेरी हिताची आहे.

नागरिकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात

1. मुरवणीतील मीठ निम्म्यावर आणावे. वरचे मीठ पिशवीतून थेट न ओतता वाटीत मोजून घ्यावे व चिमटीने पेरावे.

2. पदार्थ विस्तवावरून उतरवल्यावर, तो किंचित ओलसर असतानाच मीठ पेरावे. कोरड्या पृष्ठभागावरून कण गळून पडतात आणि पुन्हा मीठ घालण्याचा मोह होतो.

3. आधी लिंबू पिळावे, मग मीठ घालावे. आंबटपणामुळे कमी मीठही पुरेसे वाटते. आमचूर, मिरपूड, भाजलेले जिरे, पुदिना, लसूण यांचाही उपयोग करावा.

4. मीठ घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवावे. ओला चमचा घालू नये.

5. रस्त्याकडेला कणीस घेताना लिंबाची नवी फोड मागावी. एकच फोड अनेक कणसांवर व त्याच तिखट-मिठात पुन्हापुन्हा फिरवली जात असल्यास ती नाकारावी. मीठ कमी लावण्यास निःसंकोच सांगावे.

6. एक वर्षाखालील बाळाच्या अन्नात मीठ घालू नये. मोठ्या मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा कमी ठेवावे. लहानपणी लागलेली खारट चव पुढे सुटणे कठीण जाते.

7. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा. तो वारंवार 140/90 किंवा त्याहून अधिक आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. मीठ कमी केले म्हणून चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

जिभेला कमी मिठाची सवय होण्यास काही आठवडे लागतात. या काळात मीठ एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करावे. घरातील स्वयंपाक करणाऱ्यांनी व जेवणाऱ्यांनी मिळून ही सवय लावून घेतल्यास भाजलेल्या पदार्थांची गोडी कायम राहून कुटुंबाचे आरोग्यही सुरक्षित राहील.