वाद, जल्प आणि घरचा व्हॉट्सॲप ग्रुप

आषाढी जवळ आली की अनेक घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला प्रसंग रंगतो. इंजिनिअर भाचा विचारतो, ‘एवढं पंढरपूरपर्यंत चालून नेमकं मिळतं काय?’ मामा तडकतात, ‘आणि तुमच्या त्या मॅरेथॉनमधून काय मिळतं?’ मावशीला मध्येच आठवतं की हल्ली दिवाळीलाही कुणी भेटत नाही. भाचा ‘मीटिंग आहे, नंतर बोलू’ असं लिहून गायब होतो. वारीत काय मिळतं, हे काही कुणी सांगत नाही.

या तिघांनी जे केलं त्याला सुमारे दोन हजार वर्षांपासून नावं आहेत. गौतमाच्या नावावर असलेल्या न्यायसूत्रांत वादात हार ठरवणाऱ्या २२ जागा मोजून दिल्या आहेत. त्यांना ‘निग्रहस्थानं’ म्हणतात. आपल्या बाजूवरचा आक्षेप खोडून न काढता ‘तुमच्याकडेही तेच आहे’ म्हणणं, म्हणजे मामांनी केलं ते, ही ‘मतानुज्ञा’. त्यात आपल्यावरचा आक्षेप आपण नकळत मान्यच करून टाकतो, म्हणून ती हार. चालू विषय सोडून भलत्याच विषयावर जाणं हे ‘अर्थान्तर’. कामाचं निमित्त सांगून चर्चा मोडणं हा ‘विक्षेप’. मोबाइल नव्हता तेव्हाही मीटिंगा होत्या, असं समजायला हरकत नाही.

शब्दांच्या फसवणुकीलाही तिथे वेगळं नाव आहे : छल. तिचं नेहमीचं उदाहरण घोंगडीचं. एक जण म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा लगेच विचारतो, ‘नऊ कुठे आहेत? मला तर एकच दिसते.’ संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊही. बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे हे पुरतं कळूनही दुसरा अर्थ त्याच्या तोंडी घालायचा, हे यातलं कसब. राजकीय नेत्याच्या भाषणातलं एक वाक्य कापून फिरवणाऱ्या व्हिडिओत यापेक्षा वेगळं काही नसतं.

न्यायसूत्रं चर्चेचे तीन प्रकार मानतात. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो ‘वाद’. जिंकण्यासाठी चालतो तो ‘जल्प’, आणि त्यात छलासकट सगळी हत्यारं चालतात. स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडत राहणं ही ‘वितंडा’. गंमत म्हणजे मराठीत ‘वाद’ हा शब्दच बदनाम झाला. ‘उगाच वाद घालू नकोस’ म्हणताना आपल्या मनात खरं तर जल्प असतो. समाजमाध्यमांवर टपून बसणाऱ्या ट्रोलसाठी मराठी वर्तमानपत्रांनी ‘जल्पक’ हा शब्द रुळवला, तो मात्र अगदी चपखल बसला.

जल्प त्याज्यच आहे, असंही हा ग्रंथ म्हणत नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा तो पटलेलं मत राखायला उपयोगी पडतो, असं तो सांगतो. पण वाद करायचा तो गुरूशी, सहाध्यायाशी, आपलं भलं चिंतणाऱ्या जाणकाराशी. म्हणजे ज्याच्यापुढे हरल्याची लाज वाटू नये, अशा माणसाशी.

असा वाद आजच्या काळात उभा राहू शकतो का, हे पुण्यात एकदा करून पाहिलं गेलं. १९८३ मध्ये तत्त्वज्ञ दया कृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक पद्धतीने शिकलेले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित आणि विद्यापीठांतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यांना समोरासमोर बसवलं. चर्चेची भाषा संस्कृत, आणि विषय बर्ट्रंड रसेलचं तर्कशास्त्र. रसेलचं म्हणणं आधी संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवलं गेलं.

अडचण पहिल्याच पायरीवर होती. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात खरं-खोटं ठरतं ते ‘विधान’. ‘पाऊस पडतो आहे’ हे विधान कुणी उच्चारलं, कुणाच्या मनात आलं, याच्याशी त्याच्या खरेपणाचा संबंध नाही. न्यायदर्शनात खरं किंवा खोटं असतं ते ज्ञान, आणि ज्ञान कुणाला तरी, कधी तरी झालेलं असतं. कुणाचंच नसलेलं विधान ठेवायला नैयायिकाच्या घरात फडताळच नाही. मग हे फडताळ नसणं ही उणीव आहे, की रसेलने विनाकारण एक जास्तीचं फडताळ करून घेतलं आहे? दोन्ही बाजूंना आपापल्या पायाभूत शब्दांचा हिशोब द्यावा लागला. या प्रयोगाचं ‘संवाद’ नावाचं पुस्तक १९९१ मध्ये निघालं.

या मंडळींतले काशीचे पंडित बद्रीनाथ शुक्ल यांनी पुढे आणखी धाडस केलं. शरीराहून वेगळा आत्मा हा न्यायदर्शनाचा एक आधारस्तंभ. शुक्ल स्वतः मुरलेले नैयायिक. तरीही, न्यायाची बाकी चौकट तशीच ठेवून देहालाच आत्मा मानता येईल का, हा पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचा मुद्दा, त्यांनी स्वतःच उभा केला आणि इतर पंडितांना तो खोडायला बोलावलं.

भाच्याचा प्रश्न अजून ग्रुपवर अनुत्तरित आहे. मामांना तो पुन्हा घ्यायचा असेल तर सुरुवात शुक्लांसारखी करता येईल : वारीविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मामांनी स्वतःच मांडायचा, आणि भाच्याने वारीच्या बाजूचा. पुढच्या आठवड्यात या सदरात वितंडेची बाजू. ती निव्वळ खोडसाळपणा असते, हे बाराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ श्रीहर्षाला मान्य झालं नसतं.