पृथ्वी गिळणारें विवर

जगाचा अंत कसा होईल याविषयींच्या कल्पना मनुष्यजातीइतक्याच जुन्या आहेत. आपल्या पुराणांत प्रलयाचें पाणी आहे, बारा आदित्यांचा दाह आहे, शेषाच्या मुखांतून निघणारा अग्नि आहे. परंतु गेल्या अर्धशतकांत पाश्चात्त्य विज्ञानकथांनीं या यादींत एका अगदीं निराळ्या प्रकाराची भर घातली. डोळ्यांना न दिसणारा एक कण शास्त्रज्ञाच्या हातून निसटतो, जमिनीवर पडतो, धुक्यांतून जावें तसा खडकांतून आरपार जातो आणि पृथ्वीच्या पोटांत शिरून तिला आंतून खाऊं लागतो. ही कल्पना कोठून आली, तिच्यांत तथ्य किती, आणि शास्त्रानें तिच्या मुळावरच घाव घातल्यानंतरहि ती जिवंत कां राहिली, हें आज आपणांस पहावयाचें आहे.

प्रथम कृष्णविवर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. वर फेंकलेला दगड खालीं येतो. परंतु त्यास सेकंदाला सुमारें ११.२ किलोमीटर इतका वेग देतां आला, तर तो पृथ्वीची ओढ तोडून कायमचा निघून जाईल. गोल जितका जड आणि जितका आटोपशीर, तितका हा सुटकेचा वेग अधिक. १७८३ सालीं जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकांनीं विचारलें कीं, एखाद्या ताऱ्यापासून सुटण्यास प्रकाशाचाहि वेग अपुरा पडला तर काय होईल? तारा सूर्याइतक्याच घनतेचा, पण व्यासानें सूर्याच्या पांचशें पट असला, तर त्याचा प्रकाश आपणांपर्यंत पोंचणारच नाहीं, असें त्यांचें गणित होतें. फ्रान्समध्यें लाप्लास यांनीं १७९६ सालीं असाच विचार मांडला. पुढें आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तावरून कार्ल श्वार्झशिल्ड यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत अशा गोलाचें गणित सोडविलें. १९३९ सालीं ओपेनहायमर व स्नायडर यांनीं प्रचंड तारा स्वतःच्याच भाराखालीं कोसळत दिसेनासा कसा होतो, तें दाखविलें. ‘ब्लॅक होल’ हें नांव मात्र अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनीं १९६७ च्या सुमारास रूढ केलें.

येथवर पृथ्वीला भिण्याचें कांहींच कारण नव्हतें. कृष्णविवर हा भोंवतालचें सारें ओढून घेणारा भोंवरा आहे, ही समजूत चुकीची आहे. सूर्य जाऊन त्याच्या जागीं तेवढ्याच वस्तुमानाचें विवर आलें, तर आपण थंडीनें गोठून जाऊं. पण पृथ्वी आपली कक्षा सोडणार नाहीं. दुरून पाहतां विवराची ओढ तेवढ्याच वजनाच्या इतर कोणत्याहि वस्तूइतकीच असते. फरक पडतो तो अगदीं जवळ गेल्यावर. शिवाय आज ठाऊक असलेलें सर्वांत जवळचें कृष्णविवरसुद्धां आपणांपासून दीड हजार प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे. सारांश, ताऱ्यांपासून झालेलें विवर पृथ्वी गिळण्याच्या कथेला उपयोगी नव्हतें. कथेला हवें होतें तें लहान विवर.

तें पुरविलें केंब्रिजच्या स्टीफन हॉकिंग यांनीं. १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत त्यांनीं असें सुचविलें कीं, विश्वाच्या आरंभकाळीं द्रव्य इतकें दाटलेलें होतें कीं त्या दडपणाखालीं अतिसूक्ष्म वस्तुमानाचींहि विवरें बनलीं असावींत. इतकेंच नव्हे, तर सूर्याच्या गाभ्यांतहि असें एखादें विवर दडलेलें असूं शकेल, हीहि शक्यता त्यांनीं बोलून दाखविली. अशा विवराचें रूप कसें असेल याची कल्पना करा. शंभर कोटी टन वजनाचा एखादा डोंगर घ्या आणि तो दाबून दाबून अणूच्या गर्भांतील एका प्रोटॉनएवढा करा. त्यापासून सुमारें अडीच मीटर अंतरावर त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीइतकी भरेल. हातभर अंतरावर ती शरीर फाडून टाकील. तरीहि त्याचें तोंड इतकें चिमुकलें कीं, खडकांतून जातांना वाटेंतले थोडेच कण त्याच्या तोंडीं पडतील. त्याला थोपवून धरील अशी जमीन नाहीं.

ही कल्पना बाहेर पडतांच ती पृथ्वीशीं जोडण्याचा मोह शास्त्रज्ञांनाच प्रथम झाला. सैबेरियांत तुंगुस्का नदीच्या परिसरांत ३० जून १९०८ रोजीं एक प्रचंड स्फोट होऊन सुमारें दोन हजार चौरस किलोमीटरांवरील अरण्य आडवें झालें होतें. आणि तेथें खड्डा मात्र सांपडला नव्हता. १९७३ सालीं जॅक्सन व रायन या दोघां शास्त्रज्ञांनीं ‘नेचर’ या ख्यातनाम नियतकालिकांत असा तर्क मांडला कीं, तो आघात एका लहानशा कृष्णविवराचा असावा. तें पृथ्वींत शिरून उत्तर अटलांटिक महासागरांतून बाहेर पडलें असावें. उत्तर लवकरच आलें. विवर जेथून बाहेर पडलें असें म्हणतां, तेथेंहि तसाच धक्का बसावयास पाहिजे होता. त्याची नोंद कोठें आहे? ती नव्हती. तर्क मागें पडला. पण विवर पृथ्वीच्या आरपार जातें, हें चित्र लोकांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें तें राहिलेंच.

जानेवारी १९७४ मध्यें ‘अ‍ॅनालॉग’ या अमेरिकन मासिकांत लॅरी निव्हेन यांची ‘दि होल मॅन’ ही कथा आली. तींतील माणसें मंगळावर आहेत. परकीय प्राण्यांनीं सोडून दिलेलें एक यंत्र त्यांना तेथें सांपडतें. त्या यंत्रांत एक सूक्ष्म विवर अधांतरीं रोखून धरलें आहे, असें लीअर नांवाच्या शास्त्रज्ञाचें मत. आणि पथकाचा प्रमुख त्या मताची सतत थट्टा करणारा. अखेर एके दिवशीं लीअर विवराचा आधार काढून घेतो. विवर खालीं पडतें, प्रमुखाच्या देहांतून जातें, तो मरतो, आणि विवर मंगळाच्या पोटांत उतरतें. तेथें तें पुढें-मागें झोके घेत राहणार, प्रत्येक झोक्याबरोबर थोडें वाढणार, आणि शेवटीं सारा ग्रह गिळणार. हा खून कीं अपघात? न्यायाधीशाला हें शस्त्र समजावून तरी कसें सांगावें? या कथेला १९७५ सालीं ह्यूगो पारितोषिक मिळालें. ग्रह आंतून खाणाऱ्या विवराची कल्पना लोकप्रिय करण्यांत या छोट्या कथेचा वांटा मोठा आहे.

आतां दैवाचा खेळ पहा. कथा छापून दोन महिने होतात न होतात तोंच, मार्च १९७४ मध्यें, त्याच हॉकिंग यांनीं ‘नेचर’मध्यें दुसरा निबंध प्रसिद्ध केला. विवरें सर्वस्वी काळीं नसतात. त्यांच्यांतून किरण निघतात, आणि विवर जितकें लहान तितकें तें अधिक तप्त होऊन अधिक वेगानें झिजतें, असें त्यांनीं दाखविलें. विश्वारंभीं बनलेलें शंभर कोटी टनांचें विवर आजवर कसेंबसें टिकेल. त्याहून फार लहान असलेलीं केव्हांच स्फोट होऊन नाहींशीं झालीं असतील. आणि प्रयोगशाळेंत कल्पितां येईल असें विवर तर एखादा घांस घेण्यापूर्वींच विझून जाईल. ज्या हातानें हें भूत जागें केलें, त्याच हातानें तें उतरविलें.

योगायोगाची गोष्ट ही कीं, त्याच १९७४ सालीं आपल्या मराठींतहि ‘कृष्णविवर’ नांवाची कथा जन्मास आली. ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत आली आणि पहिली ठरली. लेखक होते डॉ. जयंत नारळीकर. परंतु तिचा भर संहारावर नाहीं. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळाची गति मंदावते, या तत्त्वावर ती उभी आहे. एकाच वस्तूकडे दोन लेखकांनीं किती निराळ्या दृष्टीनें पाहिलें, तें यावरून ध्यानांत येईल.

शास्त्रानें भूत उतरविलें, तरी कथेनें तें सोडलें नाहीं. जेम्स होगन यांच्या १९८० च्या कादंबरींत स्कॉटलंडमधील एका ऊर्जाकेंद्रांत नकळत सूक्ष्म विवरें उत्पन्न होतात. डेव्हिड ब्रिन यांच्या १९९० च्या ‘अर्थ’ या कादंबरींत माणसानें बनविलेलें विवर निसटून पृथ्वीच्या गर्भांत जातें. येथें एक बदल लक्षांत घ्या. एच. जी. वेल्स यांनीं १८९७ सालीं ‘दि स्टार’ ही कथा लिहिली, तेव्हां संकट आकाशांतून येत होतें. माणूस निरपराध होता. आतां संकट माणसाच्या हातून येऊं लागलें. मधल्या काळांत काय घडलें होतें, तें सांगावयास नको. अणुबाँब बनवितांना, त्याच्या उष्णतेनें वातावरणच पेट घेईल काय, याचें गणित अमेरिकन शास्त्रज्ञांना खरोखरच करावें लागलें होतें. तसें होणार नाहीं, असें उत्तर निघालें. पण हा प्रश्न विचारावा लागला, ही गोष्ट जग विसरलें नाहीं. विवराच्या कथेंतील खरें भय तेंच आहे. विवर हें निमित्त.

म्हणूनच २००८ सालीं हें भय कथेंतून बाहेर पडून न्यायालयांत गेलें. जिनीव्हाजवळ २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यांत प्रोटॉनांच्या टकरी घडविणारें यंत्र सुरू व्हावयाचें होतें. अवकाशाला आपणांस दिसतात त्याहून अधिक मिती असल्या, तर तेथें सूक्ष्म विवरें बनूं शकतील, असें कांहीं शास्त्रज्ञांनीं पूर्वीं लिहिलें होतें. त्याचा आधार घेऊन हवाई बेटांतील न्यायालयांत दावा गुदरला गेला. सप्टेंबरांत तो फेटाळला गेला. त्याच महिन्याच्या १० तारखेस यंत्र सुरू झालें. आपल्याकडील कित्येक दूरचित्रवाणी वाहिन्यांनीं ‘आज जगाचा अंत’ अशा थाटाच्या बातम्या दिल्या. त्या पाहून भेदरलेल्या मध्य प्रदेशांतील एका शाळकरी मुलीनें जीव दिल्याचें वृत्त त्या दिवसांत छापून आलें. कल्पित विवरानें पृथ्वीचा एक कणहि गिळला नाहीं. पण त्याच्या भयाला एक बळी पडला.

शास्त्रज्ञांचें उत्तर काय होतें? हॉकिंग यांच्या गणितावरच केवळ विसंबूं नका, असें ते म्हणाले. या यंत्रांतील टकरींहून अधिक जोराचे विश्वकिरण पृथ्वीवर अब्जावधि वर्षें आदळत आहेत. निसर्गानें हा प्रयोग पृथ्वीवर सुमारें एक लक्ष वेळां करून पाहिला आहे, आणि पृथ्वी जागच्या जागीं आहे. यावर कोणी म्हणेल कीं, विश्वकिरणांनीं बनलेलीं विवरें वेगानें निघून जात असतील, यंत्रांतलीं मात्र मागें राहतील. शंका योग्य होती. गिडिंग्ज व मांगानो यांनीं त्याच वर्षीं तिचें उत्तर दिलें: श्वेत खुजे तारे आणि न्यूट्रॉन तारे इतके दाट असतात कीं त्यांच्यांतून असें विवर निसटूंच शकणार नाहीं, तें घातक असतें, तर हे तारे आज आकाशांत दिसले नसते. ते दिसतात. त्या यंत्रांतहि आजवर असें एकहि विवर आढळलेलें नाहीं.

श्रोतेहो, यांत दोन प्रश्न आहेत, ते एकमेकांत मिसळूं देऊं नयेत. धोका आहे कीं नाहीं, याचा निकाल गणितानें व निरीक्षणानेंच लागला पाहिजे. तेथें कथेचा पुरावा चालत नाहीं. परंतु ज्या प्रयोगाची जोखीम सर्वांची आहे, तो करण्यापूर्वीं सर्वांस समजेल असें उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे, हा प्रश्न नागरिकांचा आहे. आणि तो आपल्यापुढें ठेवण्याचें श्रेय या कथांना दिलें पाहिजे. विवराच्या पायांचें गणित ढांसळलें, तरी हा प्रश्न खरा राहिला. तो विचारावा, आणि उत्तर आल्यावर तें शांतपणें ऐकून घ्यावें. आपल्या घरांतील मुलांना भयाची बातमी कळते, त्याच दिवशीं तिचें उत्तरहि कळावें, एवढें तरी आपण वडीलधाऱ्यांनीं पहावयास हवें.