आरे-वारेला निघताय? आधी जेवणाचा फोन करा!
रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना दोस्तांनो, आरे-वारेचा किनाऱ्यालगतचा रस्ताच धरा. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण दोन किनाऱ्यांमधल्या चढावर अख्खी गँग गाडी थांबवणारच! (फोटो काढा, पाण्यात मात्र हिरोगिरी नको, इथला समुद्र ओढून नेतो.)

खरी मजा दुपारी, घरगुती खानावळीत. गरम भात, डाळिंबी उसळ, सोलकढी आणि वर तूप सोडलेले उकडीचे मोदक. अहाहा! पण मोदक माणसं मोजूनच वळतात. ‘पंधरा जण येतोय’ सांगून आठच पोचलात, तर उरलेल्यांचा भुर्दंड त्या काकूंना. म्हणून आदल्या दिवशी पक्का आकडा कळवा. कुणी गळालं तर सकाळीच सांगा.

जेवण अंगावर आलं? केशवसुतांचं मालगुंड जवळच आहे, चालत जा.